अप्पा आणि वाफेचं इंजिन

माझा राग नाकाच्या शेंड्यावर बसलेला असतो, असं माझा नवरा म्हणतो. म्हणू दे. पण त्या ऑक्टोबरात मला जो राग आला होता तो शंभर टक्के रास्त होता, आणि त्या रविवारी दुपारपर्यंत मी हे कोणालाही ठणकावून सांगितलं असतं.

दोन हजार चार साल. आम्ही वेस्ट विंडसरला दोन बेडरूमच्या अपार्टमेंटमध्ये राहत होतो. लग्नाला दोन वर्षं झालेली. नवरा सकाळी सातच्या ट्रेनने न्यूयॉर्कला ऑफिसला जायचा आणि संध्याकाळी साडेसातला उगवायचा. माझ्या व्हिसावर नोकरी करायची परवानगी नव्हती, त्यामुळे कशाकशाचा राग यावा याचा विचार करायला मला रोजचे बारा तास मोकळे होते. आणि त्या बारा तासांत घरात माझ्यासोबत एकच माणूस होता, माझे सासरे.

त्यांना सगळे अप्पा म्हणतात. सोलापूरच्या एका कापड गिरणीत फिटर म्हणून त्यांनी उभं आयुष्य काढलं. आदल्या वर्षी सासूबाई गेल्या, अप्पा एकटे पडले, म्हणून आम्ही त्यांना सहा महिन्यांसाठी बोलावून घेतलं. आणि मी अगदी मनापासून बोलावलं होतं हो! माझे वडील मी चौथीत असताना गेले. घरात वडीलधारं माणूस येणार, सकाळी त्यांच्याबरोबर चहा घ्यायचा, त्यांच्याकडून गिरणीच्या गोष्टी ऐकायच्या, त्यांना लायब्ररीत न्यायचं, असं मी काय काय ठरवून ठेवलं होतं.

पहिल्या दिवशी सकाळी चहा टाकताना मी विचारलं, "अप्पा, साखर किती घालू?" उत्तर नाही. पुन्हा विचारलं. नाहीच. अप्पा सोफ्यावर बसून खिडकीतून पार्किंग लॉट बघत होते. म्हटलं, जेट लॅग असेल. वयाकडे बघून मी आपली अर्धा चमचा साखर घातली. त्यांनी मुकाट्याने चहा प्यायला, कप विसळून ठेवला आणि परत सोफ्यावर जाऊन बसले. हे एक दिवस झालं असतं तर ठीक होतं. सात आठवडे हेच!

मी मूळची बडबडी. आमच्या त्या स्वयंपाकघरात गॅस आणि सिंक दोन्ही भिंतीला लागून, आणि सोफा बरोबर पाठीमागे. कणीक मळता मळता, भांडी घासता घासता मी अप्पांना सगळं सांगायचे. शेजारणीचं मांजर कसं आमच्याच दाराशी येऊन बसतं, ड्रायव्हिंग टेस्टमध्ये मी दोनदा कशी नापास झाले, इथली मेथी कशी शिजता शिजत नाही. अप्पा ढिम्म. समोर जाऊन काही द्यायचं झालं तर मी मान खाली घालून द्यायचे, कारण सासऱ्यांशी बोलताना नजर वर करायची नाही असं आईनं साताऱ्याहून बजावून पाठवलं होतं. आईचं तेवढं एकच मी ऐकत होते. बाकी अप्पांसमोर नवऱ्याला "अहो" म्हणायचे आणि ते आत गेले की "अरे, ऐक ना" सुरू.

बरं, माणूसच अबोल असेल तर समजू शकते. पण संध्याकाळी लेक घरी आला की बघा! टेबलावर बापलेक समोरासमोर बसून गप्पा काय मारायचे, हसायचे काय. नवऱ्याचा आवाज आधीच ढोलासारखा. मी मागून आमटी घेऊन जायचे, "अजून वाढू का?" विचारायचे, आणि अप्पा जणू मी हवेतच आहे असे जेवत राहायचे. दुपारी टीव्हीवर बेसबॉल लावायचे, तोही आवाज पूर्ण बंद करून. मला वाटायचं, सुनेच्या घरात आवाजाचेही उपकार नकोत यांना.

एका गुरुवारी जेवताना अप्पा नवऱ्याला म्हणाले, "लवकरच्या तारखेचं तिकीट मिळतंय का बघ. मला जाऊ दे आता."

"का हो अप्पा? काय झालं?"

"काही नाही. घर बंद आहे तिकडं."

घर काय पहिल्यांदा बंद होतं? भांडी आवरताना नवरा माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "तुमचं काही झालं का? नाही, म्हणजे तू कधीकधी पटकन बोलतेस..." बास! माझ्या हातातला डाव सिंकमध्ये आदळला. मी बोलते? मीच तेवढी बोलते या घरात! शेवटी ठरलं की सोमवारी तो ट्रॅव्हल एजंटला फोन करणार. आत एक मन म्हणालं, सुटले. दुसऱ्या मनाला इतकं वाईट वाटलं की मला रात्रभर झोप लागली नाही.

शनिवारी लायब्ररीत पुस्तकं परत करायला गेले तर बोर्डावर एक पिवळा कागद होता. दीड तासाच्या अंतरावर, नदीकाठच्या एका गावात, व्हिक्टोरियन काळातलं वाफेवर चालणारं पंपिंग स्टेशन. एके काळी अख्ख्या गावाला पाणी पुरवायचं. मग विजेचे पंप आले, हे बंद पडलं, छप्पर कोसळलं, आणि गावातल्या रिटायर्ड मंडळींनी कितीतरी वर्षं खपून, गंज खरवडून ते पुन्हा चालू केलं. वर्षातून एकदा बॉयलर पेटवायचे आणि लोकांना फुकट दाखवायचे. तो दिवस उद्याचाच, रविवारचा होता. मी म्हटलं, एक शेवटचा प्रयत्न करून बघू. यावरही हा माणूस माझ्याशी बोलला नाही तर खुशाल जाऊ दे सोलापूरला.

रविवारी सकाळी दशम्या भाजता भाजता मी अप्पांना सगळं रंगवून सांगितलं. इंजिन, बॉयलर, नदी. प्रतिसाद शून्य. माझी दशमी करपली. मग नवरा उठला, त्यांच्यासमोर बसून म्हणाला, "अप्पा, आज वाफेचं इंजिन बघायला जायचंय," तर अप्पा ताडकन उठले! पांढरा शर्ट, त्यावर स्वेटर, त्यावर माकडटोपी, पायात लेकाने घेतलेले नवे बूट, दहा मिनिटांत दाराशी हजर. मी शेंगाचटणीचा डबा पिशवीत असा काही कोंबला की झाकण उडालं.

गाडीत अर्थातच अप्पा पुढे, मी मागे. छापून आणलेल्या डायरेक्शन्स बघत नवरा गाडी चालवत होता. हायवेच्या दोन्ही बाजूंना झाडं लालपिवळी झाली होती. "अप्पा, ते झाड बघा! अप्पा, तो पूल बघा!" असं दीड तास मी माकडटोपीच्या मागच्या बाजूशी बोलले.

लाल विटांची ती इमारत लांबूनच दिसली. उंच कमानीच्या खिडक्या, बाजूला धुराडं, आणि धुराड्यातून खरोखरचा धूर. पाणी उपसायला एवढी देखणी इमारत कशाला बांधली असेल, देव जाणे. दाराशी डांगरी घातलेला एक उंच म्हातारा स्वयंसेवक उभा होता. दोन्ही कानांत मशीन, हातात तेलाची झारी. त्याने "वेलकम" म्हणेपर्यंत अप्पांनी उंबऱ्याशी वाकून बूट काढले, नीट जोडी लावून ठेवले, आणि नुसत्या मोज्यांवर आत निघाले!

"सर, शूज! शूज!" म्हातारा ओरडला. आत लोखंडाचे तुकडे, सांडलेलं तेल. मी मागून ओरडले, "अप्पा, बूट घाला!" अप्पा चाललेच. नवऱ्याने धावत जाऊन पुढून अडवलं, तेव्हा थांबले. "इंजिनघरात बूट घालून?" एवढंच म्हणाले, पण घातले बाई. म्हाताऱ्याला नवऱ्याने सांगितलं की यांच्या गिरणीत खंडेनवमीला इंजिनाची पूजा व्हायची, बूट बाहेर काढायचे. म्हाताऱ्याने ऐकून घेतलं आणि स्वतःची टोपी काढून हातात धरली. मला ते आवडलं.

आणि ते इंजिन! दोन मजले उंच. एवढालं चाक, पितळेच्या चकचकीत तेलवाट्या, माझ्या मांडीएवढे लोखंडी दांडे वर जाताहेत, खाली येताहेत. मला वाटलं होतं कानठळ्या बसतील. छे! नुसतं फुस्स... फुस्स... करत ते आपलं निवांत फिरत होतं. अप्पांनी कठड्यावर तळहात टेकवला आणि डोळे मिटले. मग स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "मोठं इंजिन आवाज करत नाही. आवाज साच्यांचा."

साचा म्हणजे गिरणीतला माग. आणि योगायोग बघा, पंपिंग स्टेशनच्या मागच्या शेडमध्ये खरंच दोन साचे होते! गावातली रेशमाची गिरणी पाडली तेव्हा याच मंडळींनी ते उचलून आणलेले. एका लहान वाफेच्या इंजिनावर, छतापासून आलेल्या पट्ट्यांनी ते चालवून दाखवायचे. साच्यांवर उभा राहणारा माणूस तोच, झारीवाला म्हातारा. तरुणपणी तो त्या गिरणीत विणकर होता. सुरू करण्याआधी त्याने सगळ्यांना कापसाचे बोळे वाटले आणि सांगितलं की विणकामाच्या खात्यात कोणालाच कोणाचं ऐकू यायचं नाही, त्यामुळे कामगार तोंडाच्या हालचालींवरून आणि हातांच्या खुणांनी बोलायचे, पार चार मागांपलीकडच्या माणसाशी. अप्पांनी बोळे घेतले नाहीत.

मग त्याने दांडा ओढला. अरे देवा! खटाक-खटाक-खटाक-खटाक, जमीन हादरायला लागली, एक पोर रडायला लागलं ते नुसतं दिसलं, ऐकू आलं नाही. लोक कानावर हात ठेवून पाच मिनिटांत बाहेर. उरलो आम्ही तिघे आणि तो म्हातारा.

आणि अप्पा बोलायला लागले! म्हाताऱ्यासमोर उभे राहून. अप्पांचं इंग्रजी म्हणजे यस, नो, बॉयलर, व्हॉल्व्ह. म्हाताऱ्याला मराठी कुठून येणार? पण दोघांचे हात चालले होते. अप्पांनी दोन बोटं कात्रीसारखी केली, म्हणजे धागा तुटला. म्हाताऱ्याने गळ्याशी टायची गाठ आवळल्यासारखं केलं आणि डोळे फिरवले. अप्पांनी लगेच डोक्यावर टोपी चढवल्याची खूण केली. साहेब आला! दोघेही पोट धरून हसले. मग मुलं किती, बायको आहे का. म्हाताऱ्याने एक बोट वर आभाळाकडे नेलं. अप्पांनीही नेलं.

मी शेडच्या दुसऱ्या टोकाला खिडकीपाशी उभी होते. हे बघून खरं तर मला आनंद व्हायला हवा होता. पण माझं डोकंच फिरलं. या परक्या म्हाताऱ्याशी एवढं सगळं? भाषा येत नसताना? नवरा माझ्यासमोर, साच्यांकडे पाठ करून उभा होता. त्या खडखडाटात कोणाला काही ऐकू जाणं शक्य नव्हतं, म्हणून मी जीव खाऊन ओरडले.

"उद्या सकाळीच तिकीट बदलून टाक! सात आठवडे मी त्यांच्याशी बोलतेय, एक शब्द परत येत नाही! तुझ्याशी हसतात, त्या म्हाताऱ्याशी हसतात, मी काय घोडं मारलंय? मला वडील हवे होते रे! रोज दुपारी बाथरूममध्ये जाऊन रडते मी, माहितेय तुला?"

नवऱ्याला निम्मंही ऐकू गेलं नाही. "काय?" असं त्याचं तोंड झालं. पण त्याच्या खांद्यावरून मला अप्पा दिसले. त्यांचे हात हवेतच थांबले होते आणि ते टक लावून माझ्या तोंडाकडे बघत होते.

मी झटकन तोंडावर हात ठेवला. चार मागांपलीकडच्या माणसाशी बोलायचे, हे म्हाताऱ्याने आत्ताच तर सांगितलं होतं.

अप्पा साच्यांच्या मधून वाट काढत माझ्यापुढे आले. काहीतरी बोलले. मला काडीचं ऐकू आलं नाही. "काय?" मी ओरडले. त्यांनी परत सांगितलं. मी कानाकडे बोट दाखवून मान हलवली. मग त्यांनी माझं कोपर धरलं आणि मला शेडबाहेर, कोळशाच्या ढिगापलीकडच्या गवतावर नेलं. नवरा मागोमाग.

"तू बोलतेस माझ्याशी?" अप्पांनी विचारलं. "कधी?"

"कधी म्हणजे? रोज! सकाळपासून..." माझी मान सवयीने खाली गेली.

"वर बघून बोल पोरी. तोंड दिसल्याशिवाय मला कळत नाही."

सगळं आयुष्य साचेखात्यात दुरुस्त्या करून अप्पांचे कान कधीच गेले होते. सासूबाईंना माहीत होतं. त्या असेपर्यंत कोणाला पत्ताच लागला नाही, कारण कोणी काही बोललं की त्या अप्पांकडे तोंड करून तेच परत बोलायच्या. आम्हाला वाटायचं, सासूबाईंना एकच गोष्ट दोनदा सांगायची खोड आहे. फोनवर त्या शेजारी रिसीव्हरला कान लावून खुणा करायच्या आणि अप्पा अंदाजाने "हो, हो, बरं" म्हणायचे. मुलगा परदेशात, उगाच जिवाला घोर नको, म्हणून दोघांनी मिळून त्याला कळू दिलं नव्हतं. त्या गेल्यावर अप्पा फोनवर आपलंच दोन वाक्यं बोलून ठेवून द्यायचे.

"इथं आलो," अप्पा म्हणाले, "तर तू सदा पाठ करून उभी. समोर आलीस तरी मान वर करत नाहीस. मला वाटलं, पोरीनं अबोला धरलाय. मी तिला नको झालोय. मग कशाला राहायचं?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी तिथेच, त्या गवतावर, डांगरीवाल्या मंडळींसमोर भोकाड पसरलं. रागाने नाही, लाजेनं. नवरा पुढे येऊन बापासमोर उभा राहिला. "अप्पा, मला तरी सांगायचं," एवढंच तो म्हणाला, तेही इतक्या हळू की मलाच दोनदा विचारावं लागलं. अप्पांनी मात्र त्याच्या ओठांवरून बरोबर वाचलं. "सांगितलं असतं तर मोठ्यानं ओरडत बसला असतास," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आणि याला तू अरेतुरे करतेस, हेही आजच कळलं."

रडता रडता मला हसू फुटलं. अशी चोरी कोणाची पकडली गेली नसेल!

गवतावरच बसून आम्ही दशम्या खाल्ल्या. झारीवाला म्हातारा अप्पांना शोधत आला, त्यालाही दिली. शेंगाचटणी चमच्याने नुसती खाऊन तो त्याच्या विटांसारखा लाल झाला, तरी अंगठा वर करून दाखवत राहिला. जाताना त्याने आपल्या कानातलं मशीन काढून अप्पांच्या तळहातावर ठेवलं, बघायला. अप्पांनी ते उलटंसुलटं करून पाहिलं, फिटर माणूस, आतलं कसं उघडतं तेही विचारलं.

निघताना नवऱ्याने सवयीने पुढचं दार उघडलं. मी म्हटलं, "अप्पा, आज तुम्ही मागे." ते माझ्या शेजारी बसले.

"मग उद्या एजंटला काय सांगू?" नवऱ्याने स्टीअरिंगवरून विचारलं. अप्पांना अर्थातच त्याचं तोंड दिसत नव्हतं.

"तू गाडी चालव," मी म्हणाले.

अप्पांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि सीटवर माझ्याकडे वळून बसले. "हं, आता सांग."

"काय सांगू?"

"सात आठवडे काय काय बोललीस ते. पहिल्या दिवसापासून सांग."

मी डोळे पुसले, मान वर केली आणि सावकाश म्हणाले, "पहिल्या दिवशी विचारलं होतं, अप्पा, चहात साखर किती घालू?"

"दोन चमचे," अप्पा म्हणाले.